बेसच्या पोटातला प्रीअ‍ॅम्प
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न बेस गिटारमध्ये बॅटरीवर चालणारा, तारांचा सिग्नल वाढवून बेस-ट्रेबल कमी-जास्त करू देणारा प्रीअ‍ॅम्प बसवण्याचे आणि बसवल्यानंतरच्या दुखण्यांचे आहेत. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसत राहिली. संशय जातो प्रीअ‍ॅम्पच्या बोर्डावर, आणि चूक निघते जॅकमध्ये, बॅटरीच्या क्लिपमध्ये नाहीतर ग्राउंडच्या एखाद्या वायरमध्ये. बोर्ड परत पाठवण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या.

प्रश्न: माझा बेस जॅझ बेस पद्धतीचा आहे. चार तारा, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांच्या कंपनांचा विजेचा सिग्नल करणारे चुंबक आणि कॉइल), दोन व्हॉल्यूम आणि एक टोन. त्यात टू-बँड (बेस आणि ट्रेबल वेगळे फिरवता येणारा) प्रीअ‍ॅम्प बसवायचा आहे. सोल्डरिंग थोडंफार येतं. कामाचा क्रम कसा ठेवावा?

उत्तर: आधी मोजपट्टी, मग सोल्डरिंग आयर्न. नऊ व्होल्टची बॅटरी साधारण ४८.५ × २६.५ × १७.५ मिलिमीटरची असते, आणि जॅझ बेसची पोकळी लांब पण अरुंद. पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरच्या) खाली बॅटरी सहसा मावत नाही, पॉट आणि जॅकच्या मधल्या जागेत आडवी बसते का ते पाहा. तिथेही मावत नसेल तर मागच्या बाजूला बॅटरीचा वेगळा डबा कोरावा लागेल. ते लाकूडकाम आहे आणि एकदा कोरलेलं परत भरता येत नाही, म्हणून निर्णय आधी घ्या.

दुसरं माप भोकांचं. पूर्ण आकाराच्या इंची पॉटला सुमारे ९.५ मिलिमीटरचं भोक लागतं, छोट्या मेट्रिक पॉटला ७ मिलिमीटरचं. मोठ्या भोकात छोटा पॉट वॉशर लावून बसतो. उलट असेल तर प्लेटचं भोक गोल कानशीनं वाढवा. प्लेटला तीनच भोकं असल्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम राहू द्या, आणि टोनच्या जागी बेस-ट्रेबलचा दुहेरी पॉट टाका, म्हणजे खालची कडी एका कामाची आणि वरचा नॉब दुसऱ्या.

तारा सैल करा, प्लेट उघडा आणि काहीही सोडवण्याआधी दोन-तीन फोटो काढा. पिकअपच्या वायरी आणि ब्रिजखालून येणारी ग्राउंडची वायर सोडवा. ही ब्रिजची वायर सुटली की स्वतःच्या भोकात गडप होते, म्हणून सोडवल्यासरशी तिच्या टोकाला टेप गुंडाळून ठेवा.

आता पोकळी मोकळी आहे तेव्हाच बाहेरची घरघर अडवणारी तांब्याची टेप लावून घ्या. पट्ट्या एकमेकींवर पाच-सहा मिलिमीटर चढवा. टेपचा गोंद वीजवाहक नसेल तर प्रत्येक जोडावर सोल्डरचा एक ठिपका द्या. दोन टोकाच्या कोपऱ्यांत मीटर लावून रेझिस्टन्स एक ओहमच्या खाली आहे ना, ते बघा. एक जागा मात्र विसरायची नाही. जॅकमध्ये प्लग घातला की टिपची, म्हणजे प्लगच्या टोकाला टेकणारी, पाती बाहेरच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर सरकते. प्लग नसताना ती टेपपासून लांब दिसते, प्लग घातल्यावर टेपला टेकते, आणि आवाज बंद! त्या भिंतीवर तांब्याच्या टेपवरून इन्सुलेशन टेप चिकटवा.

वायरिंग पोकळीत वाकून करू नका. जाड पुठ्ठ्याला प्लेटसारखीच भोकं पाडा, पॉट आणि जॅक त्यात अडकवा आणि सगळं बाहेर टेबलावर जोडा. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी न लागणाऱ्या, पिकअपला दोन्ही व्हॉल्यूम २५० किलोओहमचे हवेत. प्रत्येक पिकअपची गरम (सिग्नलची) वायर आपापल्या पॉटच्या मधल्या पायाला. दोन्ही पॉटचा जो बाहेरचा पाय नॉब पूर्ण उघडल्यावर मधल्या पायाशी जुळतो, तो एकमेकांना जोडून प्रीअ‍ॅम्पच्या इनपुटला. उरलेले पाय पॉटच्या पाठीला, म्हणजे ग्राउंडला. अशा जोडणीत एक व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी दुसरा पिकअप वाजत राहतो. प्रीअ‍ॅम्पचं आउटपुट जॅकच्या टिपला, प्रीअ‍ॅम्पचं ग्राउंड स्लीव्हला, म्हणजे प्लगच्या दांडीला टेकणाऱ्या भागाला. ब्रिजची वायर, पिकअपची ग्राउंड आणि तांब्याची टेप हे सगळं एकत्र करून स्लीव्हला. बॅटरीची लाल वायर प्रीअ‍ॅम्पच्या प्लसला. बॅटरीची काळी वायर स्टीरिओ जॅकच्या रिंगला (टिप आणि स्लीव्हशिवायचा तिसरा संपर्क), आणि फक्त रिंगलाच. जुना मोनो जॅक चालणार नाही, त्याला रिंग नसते.

प्रीअ‍ॅम्पच्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. सोबतचा कागद वाचा, अंदाजाने जोडू नका. बॅटरी क्षणभर उलटी टेकली तरी संरक्षक डायोड नसलेला बोर्ड जळू शकतो.

सोल्डर १ मिलिमीटर जाडीचं, आत रोझिन असलेलं घ्या. नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स वायरी खातो, तो लांब ठेवा. पॉटच्या पायाला दोन-तीन सेकंद पुरतात. पाठीला मात्र आधी सँडपेपर मारा आणि रुंद टोकाचं, ६० वॉटच्या आसपासचं आयर्न वापरा. २५ वॉटचं बारीक आयर्न पाठीवर पंधरा-वीस सेकंद धरून बसलात तर सोल्डर धड वितळत नाही आणि आतला ट्रॅक मात्र भाजून निघतो.

प्लेट बंद करण्याआधी बॅटरी लावा, अ‍ॅम्पचा आवाज कमी ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरनं पिकअपच्या खांबांवर (तारांखालच्या धातूच्या गोल टोकांवर) टकटक करा. दोन्ही पिकअपवर ठक-ठक ऐकू आली की मगच सगळं पोकळीत घाला. बॅटरीला पातळ फोम गुंडाळा, नाहीतर ती आत खडखडते.

प्रश्न: सूचनेप्रमाणे जोडणी केली, पण आवाजच येत नाही. बॅटरी नवी आहे. बोर्ड गेला का?

उत्तर: शक्यता कमी. क्रमाने जा.

प्लग जॅकमध्ये असू द्या आणि व्होल्टेज बॅटरीवर न मोजता बोर्डावर मोजा, म्हणजे प्लस आणि ग्राउंड या दोन जागी. नवी अल्कलाइन बॅटरी ९.४ ते ९.६ व्होल्ट दाखवते, बोर्डावरही जवळपास तेवढंच दिसायला हवं. शून्य असेल तर दोष जॅककडे. बॅटरी काढा, मीटर बीपवर टाका आणि पाय ओळखा. प्लगच्या टोकाशी बोलतो तो टिप. जॅकच्या बाहेरच्या नळीशी कायम जोडलेला तो स्लीव्ह. आणि प्लग आत असतानाच स्लीव्हशी जुळतो, बाहेर काढला की तुटतो, तो रिंग. डोळ्यांनी ओळखायला जाल तर फसाल, कारण वेगवेगळ्या जॅकमध्ये पायांची जागा वेगळी असते.

केबलही तपासा. दोन काळ्या पट्ट्यांचा स्टीरिओ प्लग असेल तर रिंग आणि स्लीव्ह जुळत नाहीत, त्यामुळे बॅटरीचा मार्गच पूर्ण होत नाही. या चुकीपायी चांगले बोर्ड परत गेलेले आहेत.

व्होल्टेज पोचतंय पण आवाज नाही? मग प्रीअ‍ॅम्पची आउटपुट वायर जॅकवरून सोडवा आणि व्हॉल्यूम पॉटकडून येणारा सिग्नल थेट टिपला लावा. बेस असा पॅसिव्ह, म्हणजे बोर्डाशिवाय, वाजला तर पिकअप, पॉट आणि टेप निर्दोष. वाजला नाही तर बोर्डाचा संबंधच नाही, गरम वायर कुठेतरी टेपला टेकलेली आहे. पॅसिव्ह वाजतोय आणि प्रीअ‍ॅम्पमधून अगदी क्षीण, फाटका आवाज येतोय, असं असेल तर इनपुट-आउटपुटची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा.

इतकं करूनही काही हाती लागलं नाही तरच बोर्डावर या. त्यावर टीएल०७२ किंवा टीएल०६२ सारखी आठ पायांची, सिग्नल वाढवणारी दुहेरी ऑप-अ‍ॅम्प चिप असेल तर ८ नंबरच्या पायावर बॅटरीचं व्होल्टेज, ४ नंबरवर शून्य, आणि १ व ७ या दोन्ही आउटपुटवर त्याच्या साधारण निम्मं, म्हणजे साडेचारच्या आसपास दिसायला हवं. एखादं आउटपुट एकदम वर किंवा एकदम खाली चिकटलेलं दिसलं तर चिप किंवा तिला निम्मं व्होल्टेज देणारे रेझिस्टर गेले. आता खुशाल परत पाठवा.

प्रश्न: बॅटरी दोन आठवड्यांत संपते. मित्राच्या बेसमध्ये तीच बॅटरी वर्षभर चालते. माझ्या प्रीअ‍ॅम्पमध्ये गळती आहे का?

उत्तर: आधी सवय तपासा. वाजवून झाल्यावर केबल बेसमध्येच राहते का? प्लग आत म्हणजे प्रीअ‍ॅम्प चालू, मग अ‍ॅम्प बंद असो की चालू.

केबल काढत असाल तर प्रवाह मोजावा लागेल. मीटर मिलिअँपिअरवर टाका. क्लिप तिरकी करून बॅटरीच्या एकाच टोकाला अडकवा, आणि दुसरं टोक व क्लिपचं दुसरं बटण यांच्यामध्ये मीटरचे प्रोब धरा, म्हणजे प्रवाह मीटरमधून जातो. मिलिअँपिअरवर असताना प्रोब बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावू नका, मीटरचा फ्यूज जातो.

प्लग बाहेर असताना शून्य दिसायला हवं. काहीही आकडा दिसला तर काळी वायर रिंगऐवजी स्लीव्हला किंवा पॉटच्या पाठीला लागलेली आहे, किंवा जॅकमधली रिंगची पाती वाकून स्लीव्हला टेकलेली आहे. बॅटरीचं पत्र्याचं कवच टेपला घासतंय म्हणून गळती होते असं काहींना वाटतं. कवच सहसा कशालाच जोडलेलं नसतं, पण बॅटरीची टोकं उघडी राहून टेपला टेकली तर बॅटरी चांगलीच गरम होते. तिथे इन्सुलेशन टेप लावाच.

प्लग आत असताना दिसणारा आकडा चिपवर अवलंबून आहे, आणि तुमच्या मित्राचं कोडं बहुधा इथेच सुटतं. टीएल०७२ साधारण २.८ मिलिअँपिअर घेते, टीएल०६२ साधारण ०.४. अल्कलाइन बॅटरीत सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास धरले तर पहिलीवर पावणेदोनशे तास निघतात, दुसरीवर बाराशेच्या वर. म्हणून टीएल०६२ बसवून घ्यावी असं नाही, तिचा स्वतःचा सूऽऽ आवाज जास्त असतो. दहा मिलिअँपिअरच्या वर आकडा गेला तर मात्र कुठेतरी शॉर्ट आहे.

प्रश्न: पिकअप एकेकटे छान वाजतात. दोन्ही एकदम उघडले की आवाज पातळ, पत्र्यासारखा होतो आणि घरघरही वाढते. प्रीअ‍ॅम्पचा बेस पूर्ण फिरवला तरी पोट भरत नाही.

उत्तर: एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल झाली आहे. तुमच्या पत्रातच पुरावा आहे. जॅझ पद्धतीच्या बहुतेक जोड्यांत एका पिकअपचं वळण आणि चुंबक दोन्ही दुसऱ्याच्या उलट असतात, म्हणून दोन्ही पूर्ण उघडल्यावर तारांचा आवाज एकमेकांत मिळतो आणि विजेची घरघर वजा होते. एकाच्या वायरी उलटल्या की हिशेब उलटतो. तारांचा आवाज वजा होतो, घरघर बेरजेत जाते.

खात्री करायची तर पिकअप सुटा करून मीटर २० किलोओहमवर लावा, लाल प्रोब गरम वायरीला. लोखंडी स्क्रूड्रायव्हर खांबांवर टेकवून झटक्याने उचला. आकडा क्षणभर वर किंवा खाली उडेल. दोन्ही पिकअपवर तो एकाच दिशेने उडाला पाहिजे. नसेल तर कुठल्याही एकाच पिकअपच्या वायरी बदला. मात्र पिकअपला धातूचं झाकण किंवा खालची पट्टी असेल आणि तिचं ग्राउंड त्याच काळ्या वायरीवर असेल, तर तो पिकअप सोडून दुसऱ्याच्या बदला. नाहीतर झाकणच गरम वायरीला जोडलं जाईल आणि बोट लावलं की बेस भणभणेल.

प्रश्न: किटमधल्या २५ किलोओहमच्या व्हॉल्यूमला पिकअप जोडले. आता आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो.

उत्तर: येणारच. २५ किलोओहमचा पॉट प्रीअ‍ॅम्पच्या पुढे, आउटपुटवर लावण्यासाठी दिलेला असतो, किंवा अ‍ॅक्टिव्ह पिकअपसाठी. पॅसिव्ह पिकअपवर तो थेट लादला की वरचे सूर जमिनीत जातात. ते नंतर ट्रेबल फिरवून परत मिळत नाहीत, फक्त सूऽऽ वाढते. प्रीअ‍ॅम्पच्या आधी २५० किलोओहम (हम्बकरला, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपला, ५०० चालतो), नंतर २५.

प्रश्न: अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्हचा खटका दाबला की अ‍ॅम्पमधून दणका बसतो. खटका खराब आहे का?

उत्तर: लागोपाठ चार-पाच वेळा दाबून पाहा. पहिला दणका मोठा आणि पुढचे बारीक होत गेले तर खटका ठीक आहे. पॅसिव्हवर असताना प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुटचा कपॅसिटर एका बाजूने अधांतरी राहतो आणि हळूहळू त्यावर व्होल्टेज साठतं. खटका पलटला की ते एका झटक्यात अ‍ॅम्पमध्ये रिकामं होतं. प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुटपासून ग्राउंडपर्यंत १ मेगाओहमचा रेझिस्टर लावा, खटक्याच्या पायांवरच. इनपुटवरही तसाच एक लावला तर उत्तम. पॅसिव्ह आवाजात त्याने कानाला कळेल असा फरक पडत नाही.

दणके कमीच होत नसतील तर आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजा. काही मिलिव्होल्टच्या वर स्थिर आकडा असेल तर कपॅसिटर गळतोय किंवा उलटा लागलाय. व्हॉल्यूम फिरवताना फक्त अ‍ॅक्टिव्हवरच होणारी खरखरही बहुतेकदा याच डीसीची असते. अशा पॉटमध्ये क्लीनर मारत बसून उपयोग नाही.

जोडणी स्वतः करणाऱ्यांसाठी: सहा पायांच्या डीपीडीटी (दोन मार्ग एकाच वेळी पलटवणाऱ्या) खटक्यात एका रांगेच्या मधल्या पायाला पॉटचा सिग्नल, दुसऱ्या रांगेच्या मधल्या पायाला जॅकची टिप. एका टोकाच्या दोन पायांना प्रीअ‍ॅम्पचं इनपुट आणि आउटपुट, दुसऱ्या टोकाचे दोन पाय एकमेकांना. आणि दांडी वर असते तेव्हा मधले पाय खालच्या पायांशी जुळलेले असतात, हे विसरलात तर लेबल उलटं चिकटवाल.

प्रश्न: दोन बॅटऱ्या लावून १८ व्होल्ट केले तर आवाज मोठा होईल का?

उत्तर: नाही. वाढते ती आवाज फाटण्याआधीची जागा, आणि तीही साधारण ६ डेसिबलच्या आसपास. जोरकस स्लॅप करताना (अंगठ्याने तारा आपटून वाजवताना), बेस-ट्रेबल दोन्ही वाढवलेले असताना नोटेचं तोंड फाटत असेल तर फायदा जाणवतो. बोटांनी निवांत वाजवणाऱ्याला कदाचित काहीच कळणार नाही. आणि फाटणं अ‍ॅम्पच्या इनपुटला होत असेल तर बेसमध्ये कितीही व्होल्ट घाला, फरक पडणार नाही. आधी साध्या नऊ व्होल्टवर ताजी बॅटरी घालून बघा. सातच्या खाली गेलेली बॅटरीही अशीच फाटते.

करायचंच असेल तर बोर्डाच्या कागदावर १८ व्होल्टची परवानगी हवी. चिप सोसेल, पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर १० किंवा १६ व्होल्ट छापलेलं असेल तर ते सोसणार नाहीत, आणि दोन ताज्या बॅटऱ्या मिळून १९ च्या आसपास भरतात. पहिल्या क्लिपची काळी वायर दुसरीच्या लालला जोडा आणि त्या जोडावर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी इन्सुलेशनची नळी) चढवा. पहिलीची लाल प्रीअ‍ॅम्पला, दुसरीची काळी रिंगला. बोर्डाला लावण्याआधी मीटरने मोजा.

प्रश्न: चार्ज होणारी नऊ व्होल्टची बॅटरी चालेल?

उत्तर: निकेल-मेटल हायड्राइड चालते, पण तिचं व्होल्टेज मुळातच सहसा ७.२ किंवा ८.४ असतं, म्हणजे जागा कमी. यूएसबीवर चार्ज होणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांपैकी ज्यांच्या आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतं, त्यांच्यामुळे प्रीअ‍ॅम्पमध्ये बारीक शिट्टी ऐकू येऊ शकते. शिट्टी आली तर बॅटरी बदला, बोर्ड उघडू नका.

प्रश्न: प्रीअ‍ॅम्प बसवल्यापासून गाताना माइकला ओठ लागला की झटका बसतो. ब्रिजची ग्राउंड वायर तोडून टाकू का?

उत्तर: तोडू नका, आणि तोवर त्या जागी वाजवूही नका. नऊ व्होल्टच्या बॅटरीने ओठाला झटका बसत नाही. तो बसतोय भिंतीतल्या विजेचा. अ‍ॅम्प आणि साउंड सिस्टीम यांपैकी एकाला अर्थिंग मिळालेलं नाही, आणि तुमचं शरीर दोघांना जोडतंय. अ‍ॅम्पचा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये तर नाही ना, एक्स्टेन्शन बोर्डाची अर्थ पिन आतून जोडलेली आहे ना, हे आधी पाहा. माइक आणि तारा यांच्यात मीटर एसी व्होल्टवर लावून मोजा. भरीव आकडा दिसला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. प्रीअ‍ॅम्पनंतर हे सुरू झालं असं वाटतं, त्याचं कारण एवढंच असेल की आधी ब्रिजची वायर सुटलेली होती आणि तुम्ही ती आत्ता नीट जोडलीत.